वासोट्याच्या उतारावरची धडधड आणि तिचे नाव

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यातला प्रश्न थोडक्यात असा. तुमचे वय 27, नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, आणि घरी स्थळे पाहणे सुरू आहे. जानेवारीत ऑफिसातल्या काही जणांसोबत तुम्ही वासोटा किल्ल्यावर ट्रेकला गेलात. उतरताना वाळलेल्या पानांवरून पाय घसरून तुम्ही दहाबारा फूट खाली गेलात. ज्याच्याशी त्याआधी फार तर चार वाक्ये बोलणे झाले असेल, अशा एका सहकाऱ्याने हात देऊन तुम्हाला वर घेतले आणि खाली लाँच लागते तिथपर्यंत तो तुमच्या बरोबरीने सावकाश चालत आला. त्या दिवसापासून त्याचे नाव फोनवर दिसले तरी छातीत धडधडते. फेब्रुवारीत कराडचे एक स्थळ आले, बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलगा सर्व दृष्टींनी चांगला आहे, पण त्याच्यासमोर बसून तुम्हाला ‘काहीच झाले नाही’. मैत्रीण म्हणते की वासोट्याचे ते सगळे अ‍ॅड्रेनलिन आहे, दोन महिन्यांत उतरेल. हे प्रेम आहे की भीतीचा परिणाम, आणि कराडच्या मुलाला काय उत्तर द्यावे, असे तुम्ही विचारता.

उत्तर आधी सांगते, कारणे मागून देते. तुम्हाला जे जाणवले ते खरे होते, ते खोटे ठरवण्याची काही गरज नाही. मात्र धडधड होते तेव्हा ती कशामुळे झाली हे शरीर सांगत नाही. ते नाव मन देते, घाईने देते, आणि पुष्कळदा समोर जो उभा असेल त्याचे देते. म्हणून या धडधडीच्या पुराव्यावर सहकाऱ्याला होकार देऊ नका, आणि ती झाली नाही एवढ्याच कारणाने कराडच्या मुलाला नकारही देऊ नका. मैत्रिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि अर्धे चूक. कोणते अर्धे कोणते, हे समजून घेणे तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे.

पाय घसरला त्या क्षणी मेंदूने धोका ओळखला आणि धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था कामाला लागली. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी अ‍ॅड्रेनलिन रक्तात सोडले, हृदयाचे ठोके वाढले, श्वास जलद झाला, पोटाकडचे रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळले, तळहातांना घाम सुटला, तोंडाला कोरड पडली. आता ज्याच्यावर मन बसले आहे असा माणूस अचानक दारात उभा राहिला तर काय होते ते आठवून पाहा. यादी जवळजवळ हीच निघेल. एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीची आणि आग लागल्याची घंटा एकच असावी, तसे हे आहे. घंटा ऐकून मुलांना एवढेच कळते की काहीतरी झाले आहे; काय झाले हे ती आजूबाजूला पाहून ठरवतात.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वी लक्षात आलेली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेच्या भरात शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, सांगितले आहेत, आणि त्यांची कारणे सांगताना रोमांच स्पर्शाने येतो तसा भीतीने, थंडीने, हर्षाने आणि रागानेही येतो असे नोंदवले आहे. म्हणजे अंगावर काटा आला एवढ्यावरून शृंगार की भयानक हे ठरत नाही, ते प्रसंगावरून ठरते. नाटकात प्रसंग लेखकाने ठरवून दिलेला असतो. आयुष्यात तो आपला आपल्याला वाचावा लागतो, आणि चूक होते ती तिथे.

या चुकीवरचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली प्रसिद्ध केला. कॅनडातल्या उत्तर व्हँकुव्हरमध्ये कॅपिलानो नदीच्या दरीवर एक झुलता पूल आहे. साडेचारशे फूट लांब, जेमतेम पाच फूट रुंद, चालताना डोलणारा, आणि खाली 230 फुटांवर खडक आणि उथळ खळाळते पाणी. त्याच नदीच्या वरच्या बाजूला दुसरा पूल होता. भक्कम लाकडी, रुंद, आणि पाण्यापासून फक्त दहा फूट उंच. दोन्ही ठिकाणी 18 ते 35 वयाच्या, सोबत कोणी स्त्री नसलेल्या पुरुषांना एका तरुणीने थांबवले, काही प्रश्न विचारले, एका चित्रावरून छोटी गोष्ट लिहायला सांगितली, आणि अभ्यासाबद्दल आणखी काही विचारायचे असेल तर म्हणून आपला फोन नंबर दिला. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी नऊ जणांनी नंतर फोन केला, तर भक्कम पुलावरच्या 16 जणांपैकी दोघांनीच केला. झुलत्या पुलावर लिहिलेल्या गोष्टींत शृंगाराचा अंशही जास्त निघाला. तरुणीऐवजी पुरुषाने प्रश्न विचारले तेव्हा मात्र दोन पुलांत असा फरक दिसला नाही.

यावर शंका घेणे रास्त आहे: मुळातच धाडसी असलेली माणसेच झुलत्या पुलावर जात असतील, आणि धाडसी माणसे फोनही सहज करत असतील. संशोधकांनाही ती शंका होती. म्हणून दुसऱ्या फेरीत त्यांनी दोन्ही गट त्याच झुलत्या पुलावरचे घेतले. एका गटाला पुलावर गाठले आणि दुसऱ्याला पूल ओलांडून, थोडे बसून विसावा घेतल्यावर. पुलावर गाठलेल्या 20 जणांपैकी 13 जणांनी फोन केला, विसावलेल्या 23 जणांपैकी सात जणांनी. माणसे त्याच जातकुळीची, पूल तोच, फरक काय तो मधल्या काही मिनिटांच्या विश्रांतीचा.

हे आकडे लहान आहेत, आणि एका पुलावरून माणसाच्या मनाचा कायदा लिहिता येत नाही, हे मी माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांना नेहमी सांगते. या विचाराचा पाया असलेला 1962 सालचा स्टॅन्ली शाक्टर आणि जेरोम सिंगर यांचा प्रयोग, ज्यात विद्यार्थ्यांना जीवनसत्त्व म्हणून अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले होते, तो 1979 साली इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तसेच निष्कर्ष आले नाहीत. म्हणून शरीराची उत्तेजना म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर परिस्थिती वाटेल ते लिहिते, असे टोकाचे म्हणणे मी करणार नाही. परंतु उत्तेजनेमुळे आकर्षण वाढते, ही मर्यादित गोष्ट पुढच्या अनेक अभ्यासांत टिकली आहे. 1998 साली अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा धडधडीचे खरे कारण माणसाला ठाऊक असतानाही परिणाम काही प्रमाणात राहतो असे आढळले. ‘मला माहीत आहे ना की ही भीती होती, मग माझी फसगत होणार नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. त्या भरवशावर फार विसंबू नका.

आता तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्यातली चूक. ग्रेगरी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली काही तरुणांना जागच्या जागी धावायला लावले. काहींना दोन मिनिटे, काहींना 15 सेकंद. नंतर त्यांना एका तरुणीची चित्रफीत दाखवली. आकर्षक रूपातली तरुणी जास्त धावलेल्यांना अधिक आवडली, यात नवल नाही. नवल हे की मुद्दाम अनाकर्षक रूपात दाखवलेली तरुणी जास्त धावलेल्यांना कमी धावलेल्यांपेक्षाही कमी आवडली. म्हणजे धडधड शून्यातून ओढ निर्माण करत नाही, ती आधीच्या कलाचा आवाज वाढवते. कल आवडीचा असेल तर आवड वाढते, नावडीचा असेल तर नावड वाढते. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की वासोट्यावर हात देणारा माणूस तुम्हाला मुळात नकोसा असता, तर त्या दिवशी तो आणखी नकोसा झाला असता. काहीतरी होतेच. किती होते, एवढेच त्या दिवशी कळणे अशक्य होते.

मैत्रिणीची दुसरी चूक वेळेची आहे. अ‍ॅड्रेनलिन दोन महिने रक्तात राहत नाही. दोनतीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्मे होते. शरीराला पूर्वपदावर यायला त्याहून जास्त वेळ लागतो, पण तुम्ही लाँचमधून बामणोलीला उतरून कासमार्गे घरी पोचलात तोवर घसरण्याची उत्तेजना संपलेली होती. आज त्याचे नाव फोनवर दिसल्यावर जे होते, ते त्या घसरण्याचे अ‍ॅड्रेनलिन नव्हे. त्या दिवशी मनाने लावलेले नाव, त्यानंतर ग्रुपवर आलेले फोटो, रात्री केलेली उजळणी, आणि आता त्याचा मेसेज येईल का ही वाट पाहणे, यांतून तयार झालेली ती सवय आहे. ती आपोआप उतरेलच असे नाही. चुकीच्या नावावर उभी राहिलेली ओढही वर्षानुवर्षे टिकलेली मी पाहिली आहे. म्हणून ती उतरायची वाट पाहण्यापेक्षा ते नाव बरोबर आहे का, हे तपासणे बरे.

नाव कोणत्या वेळी लागले, याबद्दल माझ्या खोलीत घडलेला एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारा 23 वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. मैदानावर त्याच्याच तुकडीत सराव करणाऱ्या एका मुलीवर त्याचा जीव जडला होता, अभ्यास सुटला होता, आणि ‘आमचं जमतंच, मॅडम, बोलायला लागलो की वेगळंच वाटतं’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि तो पोवई नाक्यापासून सायकल हाणत येऊन, जिने धावत चढून आला होता. मी त्याला मनगटावर दोन बोटे ठेवून स्वतःची नाडी मोजायला सांगितली. मिनिटाला 112 भरली. मग आम्ही बोलत बसलो, आणि ‘आता शांत वाटतंय’ असे तो ज्या क्षणी म्हणाला, त्या क्षणी मी पुन्हा मोजायला लावली. 94. तो चकित झाला, कारण आपण पूर्ण शांत झालो आहोत याबद्दल त्याला जराही शंका नव्हती. आणखी वीस मिनिटांनी नाडी 66 वर आली. तो बराच वेळ मनगटाकडे पाहत बसला आणि मग म्हणाला, ‘आम्ही रोज बोलतो ते सोळाशे मीटर संपल्यावर, बाटलीतलं पाणी पिताना. म्हणजे या मधल्या वेळातच.’

हा मधला वेळच खरा धोक्याचा आहे. जोआन कँटर, डॉल्फ झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी 1975 साली व्यायामानंतरचे तीन टप्पे वेगळे करून पाहिले: शरीर तापलेले आहे हे माणसाला ठाऊक असते तो पहिला, शरीर अजून तापलेले असते पण माणसाला आपण निवलो असे वाटते तो दुसरा, आणि दोन्ही निवलेले असतात तो तिसरा. शृंगारिक चित्रफितीने लोक सर्वांत जास्त उत्तेजित झाले ते दुसऱ्या टप्प्यात. पहिल्यात धापेचे श्रेय मन व्यायामाला देते, तिसऱ्यात द्यायला श्रेयच उरत नाही. दुसऱ्यात मात्र शरीराची शिल्लक असते आणि तिचा मालक सापडत नाही, म्हणून ती समोर दिसेल त्याच्या नावावर जमा होते.

तुमच्या पत्रातही हेच दिसते. पाय घसरला तेव्हा तुम्हाला तो ‘वेगळा’ वाटला नव्हता. तेव्हा, तुमच्याच शब्दांत, ‘नुसती बोबडी वळली होती’. वेगळे वाटले ते पुढे, कपडे झटकून, हसून, ‘ठीक आहे मी’ असे सर्वांना सांगून झाल्यावर, उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात तो शेजारून चालत असताना, अंधार पडायच्या आत लाँच गाठायची होती तेव्हा. मनाने भीतीचा हिशेब मिटवला होता. शरीराने मिटवलेला नव्हता.

तो मुलगा आणि ती मुलगी पुढे एका रविवारी दुपारी संगम माहुलीच्या घाटावर भेटले, धावपळ न करता, नुसते बसून. परत आल्यावर तो म्हणाला की सोळाशे मीटरच्या वेळा आणि गोळाफेकीचे गुण बोलून झाल्यावर दोघांना विषय सुचेना. त्याला वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे मला खरे वाटले. उलट हिल हाफ मॅरेथॉनच्या सरावासाठी यवतेश्वरच्या घाटात एकत्र धावताना जमलेले आणि आज दोन मुले असलेले एक जोडपेही माझ्या परिचयाचे आहे. घाटात धाप लागली होती म्हणून त्यांचे प्रेम खोटे ठरले नाही. धाप ओसरल्यावरही बोलायला पुष्कळ उरले होते.

आता कराडच्या मुलाकडे वळते, कारण तुमच्या पत्रात त्याच्यावर अन्याय झाला आहे असे मला वाटते, आणि तो अन्याय मी दर आठवड्याला पाहते. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीचे शरीर शांत असते असे समजू नका. साडी, पाहुणे, मामींची नजर, हातातला ट्रे, ‘जा, दोघे गच्चीवर जाऊन बोला’ असे सांगितल्यावरची ती दहा मिनिटे, या सगळ्यात ठोके चढलेलेच असतात. पण तिथे त्या ठोक्यांसाठी नाव आधीच तयार असते: ‘कार्यक्रमाचे टेन्शन’. घरातले सगळे दोन दिवस तेच म्हणत असतात. त्यामुळे मन त्यातले काहीही मुलाच्या खात्यावर टाकत नाही. वासोट्यावर सगळे सहकाऱ्याच्या खात्यावर जमा झाले आणि दिवाणखान्यात या मुलाच्या खात्यावर एक पैसाही नाही. आणि मग दोन पासबुके शेजारी ठेवून तुम्ही विचारता की माझे प्रेम कोणावर आहे. ही तुलना करताच येणार नाही. कराडच्या मुलाबद्दल ‘काहीच झाले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही, त्याचा अर्थ ‘अजून माहिती नाही’ एवढाच होतो.

याची दुसरी बाजू आपल्यासारख्या मध्यम आकाराच्या गावात जास्त जाणवते, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. इथे तरुण मुलामुलींना भेटायला जागा नसते. तोंडाला स्कार्फ बांधून कासच्या रस्त्याला जायचे, ‘चार भिंती’ या स्मारकापाशी उभे राहायचे, आणि प्रत्येक येणाऱ्या गाडीकडे पाहत राहायचे की काका तर नाहीत. अशी प्रत्येक भेट धडधडीत जाते, आणि ती सगळी धडधड प्रेमाच्या नावावर लिहिली जाते. अशी चार वर्षे काढलेली एक मुलगी दोन्ही घरांचा होकार मिळून साखरपुडा झाल्यावर महिन्याभरात माझ्याकडे रडत आली होती. तो आता सरळ घरी येतो, आईच्या हातचा चहा पितो, आणि मला काहीच वाटत नाही, माझे प्रेम संपले का, असा तिचा प्रश्न होता. संपली होती ती भीती. चार वर्षांत प्रेम किती आणि पकडले जाण्याची धास्ती किती, हे तिला कधी वेगळे करता आले नव्हते, आणि आता एक वजा झाल्यावर उरलेले तिला फार थोडे वाटत होते. त्यांनी लग्न सहा महिने पुढे ढकलले, आणि उजेडात, घरच्यांच्या देखत, एकमेकांची ओळख जवळजवळ नव्याने करून घेतली. आईवडिलांना मी हे मुद्दाम सांगते: भेटींवर पहारा बसवला की धास्ती वाढते, आणि त्या धास्तीच्या जोरावर तुम्हाला नको असलेले नाते आणखी घट्ट होते.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. धडधडीचे कारण जर तो माणूसच असेल, म्हणजे तो चिडेल का, फोन तपासेल का, हात उगारेल का, याची भीती असेल, आणि भांडणानंतर त्याने जवळ घेतल्यावर सुटकेची लाट येत असेल, तर ती लाट फार तीव्र असते आणि ती प्रेमासारखी भासते. ती भीती टळल्याची सुटका आहे. तुमच्या पत्रात असे काही नाही. पण हे वाचणाऱ्या कोणाला हे वर्णन ओळखीचे वाटले, तर 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे बोलावे.

सुटकेचा उल्लेख आलाच आहे, तर तुमच्या बाबतीतला आणखी एक धागा सांगते. डग्लस केनरिक आणि रॉबर्ट चिआल्डिनी यांनी 1977 साली या पुलाच्या प्रयोगांना वेगळे स्पष्टीकरण सुचवले होते: घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या सोबतीने धीर येतो, भीती कमी होते, आणि ज्याच्यामुळे ती कमी झाली तो माणूस आवडू लागतो. यात नावाची चूक नाही. धीर खरोखर त्याच्यामुळेच आलेला असतो. तुमच्या सहकाऱ्याने हात दिला, पुढे न जाता सोबत चालला, ही त्याच्याबद्दलची खरी माहिती आहे आणि ती जमेस धरलीच पाहिजे. मात्र संकटात हात देणारे लोक पुष्कळ असतात. 2019 च्या महापुरात सांगलीत अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना बोटीत घेतले. त्या हाताबद्दल कृतज्ञता असावी, आयुष्यभर असावी. कृतज्ञता आणि ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

म्हणून आता काय करायचे. एक वही घ्या आणि त्या दिवसाबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: तुम्ही त्याला काय करताना पाहिले, आणि तुम्हाला काय वाटले. ‘तो सावकाश चालला’ ही पाहिलेली गोष्ट. ‘तो माझी काळजी घेणारा आहे’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष, तो दुसऱ्या बाजूला जाईल. पुष्कळांची पहिली बाजू चारपाच ओळींत संपते आणि दुसरी पान उलटून जाते. तसे झाले तर घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की ओळख अजून व्हायची आहे.

मग त्याला साध्या जागी भेटा. ट्रेक नको, घाटातून बाइक नको, रात्री साडेअकराचे मेसेज नकोत. ऑफिस सुटल्यावर कुठेतरी चहा, बसून, तासभर, तीनचार वेळा. पोचल्यावर पहिली दहापंधरा मिनिटे कोणताही निष्कर्ष काढू नका. त्यानंतर तुम्ही बोलता तेव्हा तो ऐकतो का, चहा आणणाऱ्या पोराशी कसा बोलतो, तुमचे मत वेगळे पडले की चेहरा कसा होतो, आणि बोलणे थांबल्यावरची शांतता तुम्हाला जड होते की नाही, हे पाहा. या गोष्टी नाडी वाढली असताना दिसत नाहीत. त्याच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे का, याविषयी तुमच्या पत्रात एक ओळही नाही, याकडेही लक्ष वेधते. त्याच्या बाजूने तो दिवस साध्या माणुसकीचा असू शकतो. तीनचार भेटींनंतरही ओढ राहिली तर एकदा सरळ विचारा, आणि उत्तर नकाराचे असेल तर ते तसेच स्वीकारा; तुम्हा दोघांना रोज एकाच ठिकाणी काम करायचे आहे.

कराडच्या मुलाचीही दुसरी भेट मागा, घराबाहेर, वडीलधारे शेजारच्या टेबलावर नसताना. तिथेही छातीत काय होते याकडे न पाहता वरच्याच गोष्टी पाहा. हवे तर एका सकाळी दोघे मंगळाईच्या देवळापर्यंत अजिंक्यताऱ्याच्या वाटेने चालत जा. चढावर थोडी धाप त्याच्याही नावावर जमा होईल, आणि ती कुठून आली हे तुम्हाला आता ठाऊक आहे. मात्र सहकाऱ्याबद्दलचे मन पक्के होत गेले, तर कराडला त्याच आठवड्यात कळवा. हे जमले नाही तर ते आहेच, असा विचार करून कोणालाही झुलवत ठेवू नये.

शरीराची धडधड ही नात्याची शत्रू आहे असा समज मात्र करून घेऊ नका. अ‍ॅरन यांनीच 2000 साली जोडप्यांवर केलेल्या प्रयोगात, हातपाय एकमेकांना बांधून, मधल्या अडथळ्यावरून रांगत उशी पलीकडे नेण्याचा सात मिनिटांचा खेळ खेळलेल्या जोडप्यांना, साधेच काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा आपले नाते अधिक चांगले वाटले. लग्नानंतर वर्षानुवर्षे एकत्र कुठेच न गेलेल्या जोडप्यांना मी स्वतः ठोसेघरला नाहीतर सज्जनगडाच्या पायऱ्या चढायला पाठवते. ओळख आधी झालेली असली की त्या धडधडीचा उपयोग होतो.

एक वैद्यकीय सूचना राहिली. तुम्ही लिहिले आहे की हल्ली कोणतेही कारण नसताना, रात्री पडल्यावरही, छाती धडधडते आणि जिना चढताना दम लागतो. हे मनाचेच असेल असे गृहीत धरू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे तरुण स्त्रियांमध्ये रक्तक्षय फार आढळतो आणि दोन्ही कारणांनी ठोके वाढतात. दिवसाला चहा किती होतो तेही मोजा. या तपासण्या होईपर्यंत कोणत्याही धडधडीला कोणाचेही नाव देऊ नका.

घरी उत्तर द्यायला किती दिवस आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. आईशी आधी बोला, वडिलांशी नंतर, आणि वासोट्याची गोष्ट सांगायची की नाही ते तुमच्यावर आहे. ‘मुलगा चांगला आहे, पण दहा मिनिटांत मला तो कळला नाही, अजून दोनदा भेटू द्या आणि महिनाभर थांबा’ एवढे म्हटले तरी त्यात एक अक्षरही खोटे नाही. कराडच्या मंडळींनी महिना द्यायला नकार दिला, तर मला पुन्हा लिहा.